काटा, सूज आणि गोळी



आज मी एका जुन्या प्रश्नाचे उत्तर देण्याकरिता येथे आलो आहे. हा प्रश्न मला १९९१ साली माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारला होता. त्या वेळी मी त्याला जे उत्तर दिले ते चुकीचे होते. शिक्षकाने दिलेले चुकीचे उत्तर हे एक प्रकारचे ऋणच होय. ते केव्हा तरी फेडावेच लागते. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आपले उत्तर कोठे चुकले हे कळले, आणि आज ते ऋण फेडण्याची संधी आली आहे.

आमच्या कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरांत, पितळखोरे येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. त्या वर्षी हिवाळ्यात मी मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. दरीत उतरताना पाचवीतील एका मुलाच्या तळपायात बाभळीचा काटा शिरला. अर्धा निघाला, अर्धा आतच मोडला. दुसऱ्या दिवशी तो लंगडत शाळेत आला तेव्हा पाय लाल झाला होता, सुजला होता, हाताला गरम लागत होता, आणि नुसता स्पर्श केला तरी तो कळवळत होता. आजीने हळदीचा लेप लावला होता. डॉक्टरांनी राहिलेला काटा काढून सूज उतरण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. तो मला म्हणाला, "गुरुजी, गोळी तर मी तोंडाने गिळली. ती पोटात गेली. काटा मोडला पायात. मग दुखते कोठे हे गोळीला कसे कळते?"

मी ऐटीत म्हणालो, "बाळ, औषध शहाणे असते. ते बरोबर दुखऱ्या जागी जाते." वर्गाचे समाधान झाले. त्याचे मात्र झाले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला त्याच वेळी दिसले होते.

योगायोग असा की, ज्या लेण्यांत त्याला काटा लागला तेथेच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्याचे नाव कोरलेले आहे. पितळखोऱ्याच्या शिलालेखांत मगिल नावाच्या राजवैद्याने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. त्याच्या दत्ता नावाच्या मुलीनेही तेथे दान दिले होते. ह्या मगिलाकडे कोणी सुजलेला पाय घेऊन गेला असता तर त्याने काय केले असते? त्याचा ग्रंथ आपल्यापाशी नाही. परंतु आपल्या प्राचीन वैद्यांची ह्या बाबतीतील समज सुश्रुतसंहितेत नोंदलेली आहे. तीत सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : आम म्हणजे कच्ची, पच्यमान म्हणजे पिकत असलेली, आणि पक्व म्हणजे पिकलेली. जो वैद्य कच्ची सूज अज्ञानाने कापतो आणि जो पिकलेली तशीच राहू देतो, त्या दोघांचीही सुश्रुताने कठोर निंदा केली आहे. सूज ही एक घडत जाणारी क्रिया असून तिला तिचा काळ द्यावा लागतो, हे त्या लोकांनी ओळखले होते. तिकडे रोममध्ये सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने पहिल्या शतकात सुजेची चार लक्षणे लिहून ठेवली : लाली, फुगवटा, उष्णता आणि वेदना. आमच्या विद्यार्थ्याच्या पायावर ही चारही लक्षणे मी स्वतः पाहिली होती.

तथापि शरीर मुळात सुजते कशासाठी, ह्याचा उलगडा व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आणि तो उलगडाही, मुलांनो, एका काट्यानेच झाला. १८८२ साली इल्या मेच्निकॉफ नावाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ इटलीतील मेसिना शहरी राहत होते. एके दिवशी घरची सर्व मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहावयास गेली. मेच्निकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी बसून राहिले. समुद्रातील तारामाशाचे पिल्लू पाण्यासारखे पारदर्शक असते. त्याच्या अंगातील हालचाल बाहेरून दिसते. मेच्निकॉफांच्या मनात आले, ह्याला काटा टोचला तर काय होईल? त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लांच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! त्या पिल्लाच्या अंगात रक्तवाहिन्या नव्हत्या. तरीही पेशी धावून आल्या होत्या. म्हणजे सूज हा निव्वळ रोग नव्हे. शत्रू आत शिरला असता शरीराने केलेला तो प्रतिकार होय. ह्या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु कारण कळण्याची वाट आजाऱ्याने कशी पाहावी? औषध त्याच्याही आधीपासून चालू होते. विलो नावाच्या झाडाच्या सालीचा वेदनेवर व तापावर उपयोग फार प्राचीन काळापासून होत आला आहे. आपल्याकडे नदीकाठी वाढणारे वाळुंज हे त्याच कुळातील झाड. १७६३ साली एडवर्ड स्टोन नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने, ती साल वाळवून व कुटून सुमारे पन्नास तापकऱ्यांना दिल्याचे व गुण आल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. पुढे त्या सालीतील गुणकारी द्रव्यावरून सॅलिसिलिक आम्ल तयार झाले. त्याने सांधे हलके होत, पण पोटाची आग होई. जर्मनीतील बायर कारखान्यात फेलिक्स हॉफमन ह्यांनी १८९७ साली त्यात रासायनिक फेरफार करून त्याचे सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केले. आणि १८९९ साली त्याला नाव मिळाले ॲस्पिरिन. जगभर कोट्यवधी गोळ्या खपल्या. मात्र ती गोळी शरीरात जाऊन नेमके काय करते, हे पुढे सत्तर वर्षे कोणासही सांगता येत नव्हते. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न पोरकट नव्हता. मोठमोठ्या पंडितांना जो सुटला नव्हता तोच त्याने विचारला होता.

तो प्रश्न १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन ह्यांनी सोडविला. त्यांचा शोध समजण्यासाठी तुम्ही एक जुने खेडे डोळ्यांपुढे आणा. गावात दरोडा पडला की पूर्वी दवंडी पिटली जात असे. दवंडी ऐकून लोक काठ्या घेऊन धावत, वेशीचे दरवाजे उघडत, सारा गाव जागा होई. आपल्या शरीरातही असेच घडते. काटा शिरला, पेशी दुखावल्या, की पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थाचा एक अंश सुटा होतो. पेशीत एक कारागीर सदैव बसलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला सायक्लोऑक्सिजिनेज म्हणतात. एवढे लांब नाव घोटून पाठ करण्याचे कारण नाही. आपण त्याला कारागीरच म्हणू. हा कारागीर तो स्निग्ध अंश घेतो आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य घडवितो. हीच ती दवंडी.

दवंडी पिटताच त्या जागच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अधिक रक्त येते, म्हणून जागा लाल व उष्ण होते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत फटी पडतात, त्यांतून पाणी व पांढऱ्या पेशी बाहेर येतात, म्हणून ती फुगते. तेथील मज्जातंतू इतके हळवे होतात की एरवी न जाणवणारा स्पर्शही झोंबतो, ही वेदना. सेल्ससची चारही लक्षणे येथे जुळून आली! हाच निरोप मेंदूत घडला म्हणजे ताप चढतो. हिस्टामीनसारखे आणखीही निरोपे ह्या कामी असतात. पण आपल्या गोळीचा संबंध प्रोस्टाग्लँडिनशी आहे.

आता गोळी काय करते पाहा. ती काटा काढीत नाही, जंतू मारीत नाही, आणि जखमही शिवीत नाही. ती केवळ कारागिराच्या दारात जाऊन बसते, त्यामुळे कच्चा माल आत जाऊ शकत नाही. माल नाही तर दवंडी नाही. दवंडी नाही तर धावपळ थांबते, आणि सूज, ताप व वेदना ओसरू लागतात. ॲस्पिरिन तर त्या दाराला कायमची खीळच घालते. पेशीला नवा कारागीर तयार करावा लागतो. इंग्लंडात बूट्स कारखान्यात स्ट्युअर्ट ॲडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले आयबुप्रोफेन, किंवा १९७३ च्या सुमारास बाजारात आलेले डायक्लोफेनॅक, ही औषधे उंबऱ्यावर काही तास बसून उठून जातात. म्हणून गोळी पुन्हा घ्यावी लागते. ताप आला की घरोघर जी पॅरासिटामॉल देतात ती ह्यांची दूरची नातलग; ती ताप व दुखणे कमी करते, पण सूज फारशी उतरवीत नाही. ह्या द्रव्यांवरील संशोधनाबद्दल व्हेन ह्यांना स्वीडनमधील बर्गस्ट्रोम व सॅम्युएलसन ह्यांच्यासमवेत १९८२ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मग आता मूळ प्रश्न. दुखते कोठे हे गोळीला कसे कळते? बालमित्रांनो, उत्तर असे की, तिला मुळीच कळत नाही. गोळी पोटात विरघळते, रक्तात मिसळते, आणि रक्त जेथे जेथे जाते तेथे तेथे ती जाते. डोक्यात जाते, बोटांच्या टोकांत जाते, काळजात जाते, दुखऱ्या पायातही जाते. पायात दवंडी चालू असते, ती तेथे बंद पडते, आणि आपल्याला वाटते, वा, औषध बरोबर जागी पोचले! वस्तुतः ते सर्वत्र पोचलेले असते. मी म्हटले होते तसे औषध शहाणे नसते. ते आंधळे असते.

हे आंधळेपण का ध्यानात ठेवावयाचे? कारण हा कारागीर केवळ दरोड्याच्या वेळीच काम करतो असे नाही. जठरात तो दुसरे निरोप घडवितो. त्या निरोपांमुळे पोटाच्या आतील पृष्ठभागावर बुळबुळीत थर राहतो व तेथील तीव्र आम्लापासून पोटाचे रक्षण होते. मूत्रपिंडात रक्ताचा पुरवठा नीट राखण्याचे कामही असेच निरोप करतात. रक्त गोठविण्याच्या कामातही त्याचा हात आहे. गोळी दारात बसली की ही सारी कामे कमीअधिक थांबतात. म्हणून डॉक्टर सांगतात, ही गोळी जेवणानंतर घ्या, मोजकी घ्या, फार दिवस घेऊ नका. मी स्वतः गुडघेदुखीसाठी कोणासही न विचारता महिनेच्या महिने अशा गोळ्या खाल्ल्या. एके दिवशी शौचास काळे झाले, चक्कर आली, आणि पोटातून रक्त गेल्याचे निदान झाले. चूक सर्वस्वी माझीच होती. मुलांच्या बाबतीत तर अधिक जपावे. विषाणूंमुळे येणाऱ्या तापात मुलांना ॲस्पिरिन दिल्याने यकृत व मेंदू ह्यांना बाधणारा एक दुर्मिळ पण भयंकर विकार होऊ शकतो. आणि डेंग्यूचा संशय असता ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचे भय वाढते.

शास्त्रज्ञांनी ह्यावर उपाय शोधून पाहिला. १९९० नंतरच्या काळात असे दिसून आले की, कारागीर दोन जातींचे आहेत : एक सदैव कामावर असणारा, दुसरा मुख्यतः सुजेच्या वेळी बोलाविला जाणारा. दुसऱ्याचेच दार अडविणारी औषधे निघाली. पोट वाचले, परंतु त्यांतील रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा धोका वाढविते असे आढळून २००४ साली ते जगभर मागे घ्यावे लागले. आंधळ्याला एक डोळा दिला, तरी त्याला सारे दिसेल असे नाही.

येथे कोणी विचारील, आजीच्या हळदीचे काय? १९९५ साली, जखम भरण्याकरिता हळदीचा वापर हा नवा शोध मानून अमेरिकेत त्यावर एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले होते. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉक्टर रघुनाथ माशेलकर त्या वेळी आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे मांडून, हे ज्ञान भारतात पूर्वापार आहे असे सिद्ध केले, आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. आजीचा तो विजय खराच. परंतु त्यातून सिद्ध झाले ते ज्ञानाचे जुनेपण, सामर्थ्य नव्हे. हळदीतील कुर्कुमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत सुजेचे निरोप कमी करताना दिसते. मात्र पोटात घेतले असता त्याचा फारच थोडा अंश रक्तात उतरतो. लेप लावावा, मोडलेला काटा मात्र काढावाच लागतो.

आता शेवटची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला सुख होत नाही, पण तिच्याविना हा इतिहास अपुरा राहील.

माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेले जनावर टाकले की आभाळातून गिधाडे उतरत. तीस, चाळीस, पन्नास. दोन-चार तासांत नुसता सांगाडा उरे. आम्हां मुलांना त्यांची किळस येई; आजोबा म्हणत, "त्यांना नावे ठेवू नका, ती गावाची सफाई करतात." १९९७ च्या पावसाळ्यात वडिलांचा सर्जा बैल आजारी पडला. पाय सुजले होते, उठवत नव्हते. दुखणे हलके व्हावे म्हणून त्याला डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले गेले. त्या काळी ते गुरांना सर्रास दिले जात असे. देणाराचा अथवा वडिलांचा त्यात काही दोष नव्हता, दया होती. दुसऱ्या दिवशी सर्जा गेला. त्याला माळावर नेले. त्या वेळी मोजून सहा गिधाडे उतरली. त्यानंतर त्या माळावर मी गिधाड पाहिले नाही.

गिधाडे नाहीशी होत असल्याचे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश ह्यांनी भरतपूरच्या पक्षी-अभयारण्यात प्रथम मोजमापानिशी नोंदविले होते. कारण कळेना. कोणी रोगाची साथ म्हणे, कोणी कीटकनाशके. २००४ साली लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांची तपासणी करून उत्तर प्रसिद्ध केले. कारण होते डायक्लोफेनॅक. गुराला दिलेले औषध काही दिवस त्याच्या मांसात राहते. गुरू मेले, गिधाडाने ते खाल्ले, की औषध गिधाडाच्या रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी करते. मग यूरिक आम्ल बाहेर पडेनासे होते व त्याचे पांढरे स्फटिक आतड्या-काळजावर पुटासारखे साचतात. माणसाच्या गुडघ्याला आराम देणारी तीच मात्रा त्या बलाढ्य पक्ष्याला मृत्यू ठरली. शंभर कलेवरांतील एकात जरी हे औषध असले तरी गिधाडांचा निर्वंश होण्यास तेवढे पुरे होते. भारतात १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारामागे एक उरली. मागे सडकी कलेवरे राहिली आणि त्यांवर पोसलेल्या कुत्र्यांच्या झुंडी वाढल्या. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाची शतकांची अंत्यविधीची रीतही त्यामुळे अडचणीत आली.

२००६ साली भारत सरकारने गुरांसाठी डायक्लोफेनॅक तयार करण्यास बंदी केली. मेलॉक्सिकॅम हे त्याच जातीचे, पण गिधाडांना न मारणारे औषध त्याच सुमारास उजेडात आले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळत असल्याचे दिसल्यावर २०१५ साली कुपीचे माप तीन मिलिलिटरवर आणण्यात आले. आणि २०२३ साली गुरांकरिता किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ह्यांवरही बंदी आली. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली काही गिधाडे २०२४ साली आपल्या पेंच व ताडोबाच्या रानांत आणली गेली. ही वाट लांबची आहे, कारण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

त्या सहा गिधाडांचे पुढे काय झाले हे मी पाहिले नाही, आणि ती आमच्या सर्जामुळेच मेली असेही म्हणत नाही. परंतु औषध शहाणे असते, असे मी ज्या वर्गाला शिकविले त्यातील कित्येक मुले आज शेतकरी आहेत, गोठ्याचे धनी आहेत, आईबाप आहेत. त्यांतील कोणी माझ्या शब्दावर विसंबून, दुखले की गोळी आणि लंगडले की इंजेक्शन, असे करीत असेल, ह्या विचाराने मला अस्वस्थ वाटते.

म्हणून, पाचवीतील माझ्या त्या विद्यार्थ्या, आज तू पंचेचाळिशीचा असशील. हे भाषण तुझ्या कानी पडलेच तर तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर हे घे. दुखते कोठे हे गोळीला कळत नाही. ती पायात जाते, पोटात जाते, मूत्रपिंडात जाते, आणि कधी कधी बैलाच्या देहातून आभाळातल्या पाखरातही जाते. गोळीला जे कळत नाही ते देणाराने व घेणाराने जाणून घ्यावयाचे असते : किती द्यावी, केव्हा द्यावी, कोणास देऊ नये. तुझ्या मुलांनी असा प्रश्न विचारला, तर मी दिले तसे उत्तर त्यांना देऊ नकोस. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणून सांग, आणि मग त्यांच्याबरोबर शोधू लाग.